कावसजीचं नाक आणि आमच्या पोरीचं बोट

आजची गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळ सुरू होते, आणि संपते ती आपल्या गोठ्यातल्या कडबा कुट्टीपाशी. आधी घरचं सांगते, मग इतिहासाकडे वळू.

माझ्या भावाची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. सांजची वेळ, धारा काढायची गडबड. वहिनी कुट्टीच्या तोंडात कडवळाच्या पेंढ्या सारत होती. पोरगी कधी मागून आली, कधी हात घातला, कळलंच नाही. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही पात्यानं गेली. भावानं ती कुट्टीतून शोधून काढली. शहाणपणच केलं बिचाऱ्यानं. शेजारच्या दुकानातून बर्फ आणला, पेला भरून बर्फात बोटं टाकली आणि गाडी काढली. आधी गावातल्या दवाखान्यात पट्टी, मग तालुक्याला, तिथून पुढे पाठवलं. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पेल्यात पाहिलं. बोटं पांढरीफटक, कडक झालेली. त्या म्हणाल्या, "कापलं तर छान सरळ होतं हो. पण बर्फानं पेशी मेल्या."

बर्फ तर आम्ही वाचवण्यासाठीच घातला होता. पेल्यात बोटं टाकली त्याऐवजी एखाद्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फात ठेवली असती, तर निदान प्रयत्न झाला असता. एवढ्याशा गोष्टीवर सगळं ठरलं. तेव्हापासून मी विचारत सुटले, तुटलेलं बोट परत लागतं तरी कसं? हे कुणी शोधलं? ते आज तुम्हाला सांगते.

पुण्याजवळचं नाक

1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ नावाच्या मासिकात एक पत्र छापून आलं. त्यात आपल्या मुलखातल्या एका माणसाची हकिगत होती. नाव लिहिलं होतं कावसजी. जातीनं शेतकरी मराठा, काम इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याचं. टिपू सुलतानाशी 1792 मध्ये जी लढाई झाली, तिच्यात तो कैद झाला. तिथं त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवीन नाक बसवून दिलं. हा माणूस वैद्य-हकीम नव्हता. विटा पाडणाऱ्या जातीतला, म्हणजे आपल्याकडचा कुंभारच म्हणा. ज्यानं नाक घडवलं त्याचं नाव मात्र त्या पत्रात नाही.

मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती. ती अशी. आधी मेणाची पातळ चकती करून नाकाच्या जागी बसवायची, माप घ्यायचं. मग ती चकती कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारायची. अगदी आपण पोलक्याचा कागद कापडावर ठेवून खडूनं आखतो तसं. वस्तऱ्यानं तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधे एक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. कातडी पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. वर काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक. हो, विड्यातला कात! चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या. भुवयांमधली ती पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची.

ही विद्या फार जुनी. सुश्रुताच्या ग्रंथात गालाच्या कातडीनं नाक करण्याची कृती आहे. त्याचे शिष्य आधी भोपळ्या-काकड्यांवर कापायला शिकत आणि कापडाच्या, मऊ चामड्याच्या कडांवर शिवायला. लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या डॉक्टरानं कावसजीची हकिगत वाचून प्रेतांवर वर्षानुवर्षं सराव केला आणि 1814 मध्ये तिथं पहिल्यांदा अशी शस्त्रक्रिया केली. आज जिला प्लास्टिक सर्जरी म्हणतात, तिच्या मुळाशी पुण्याजवळचा तो विटा पाडणारा उभा आहे.

पण मैत्रिणींनो, मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. कावसजीचं नाक परत आलं, त्याचा हात मात्र आला नाही. का बरं?

उत्तर त्या भुवयांमधल्या पट्टीत आहे. कातडीचा तुकडा पंचवीस दिवस जगला, कारण पट्टीतून त्याला रक्त मिळत होतं. विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाट शाबूत होता. तुटलेल्या हाताला पाटच नाही. तो नुसता जागेवर बसवून शिवला, तर बाहेरून शिवलेला दिसेल आणि आतून वाळून जाईल. हात जगवायचा तर तुटलेली रक्तवाहिनी पुन्हा शिवायला हवी. नळी शिवायची, पण भोक बुजू द्यायचं नाही. हे काम तेव्हा जगात कुणालाच येत नव्हतं.

एका कशिदेवालीची शिकवण

पुढे शंभर वर्षं गेली. 1894 मध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरात त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांना कुणीतरी सुरा मारला. पोटातली मोठी रक्तवाहिनी तुटली आणि ते गेले. मोठमोठे सर्जन होते, पण रक्तवाहिनी शिवणं कुणाला जमत नव्हतं. त्याच शहरात अलेक्सी कॅरेल नावाचा तरुण वैद्यकी शिकत होता. त्याच्या मनानं घेतलं, हे का जमू नये?

लियाँ म्हणजे रेशमाचं गाव, जसं आपलं पैठण-येवलं. कॅरेल गेला मादाम लरूदिए नावाच्या कशिदा काढणाऱ्या बाईकडे. तिच्याकडून तो अगदी बारीक सुई आणि रेशमाचा धागा चालवायला शिकला. मग त्यानं युक्ती काढली. रक्तवाहिनीच्या गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घालून ताणायचं, की गोलाचा त्रिकोण होतो. सरळ कड शिवायला सोपी! 1902 मध्ये त्यानं ही पद्धत जगापुढे मांडली आणि 1912 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आपण गोधडी शिवतो, झबलं शिवतो, काशाला काजं-बटणं करतो, आणि वर म्हणतो, "आम्हाला काय येतंय, नुसतं शिवणटिपण." पुन्हा म्हणण्याआधी त्या कशिदेवालीची आठवण ठेवा.

यंत्रं आली, हात गेले

कॅरेलची पद्धत मोठ्या वाहिन्यांसाठी ठीक होती. बोटातली वाहिनी फार बारीक, ती नुसत्या डोळ्यांना धड दिसतच नाही. 1960 साली अमेरिकेत ज्युलियस जेकबसन यांनी ऑपरेशनच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आणला आणि दोन मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या जोडून दाखवल्या. मग घटना भराभर घडल्या.

मे 1962. अमेरिकेच्या बॉस्टन शहरात बारा वर्षांचा एक मुलगा चालत्या मालगाडीला लटकला आणि त्याचा उजवा हात खांद्याजवळ तुटला. रोनाल्ड माल्ट आणि त्यांच्या साथीदारांनी तो जोडला. पुरता तुटलेला हात परत लागून जगला, तो हा पहिला. आणि तो एका पोराचा होता.

जानेवारी 1963. चीनमधल्या शांघायच्या कारखान्यात एका कामगाराचा हात मशीननं मनगटाच्या वर तोडला. डॉक्टर चेन झोंगवेई यांनी तो जोडला.

जुलै 1965. जपानमधल्या नारा गावी कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी एका माणसाचा पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडला. पूर्ण तुटलेलं बोट जोडण्याची ती जगातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया.

म्हणजे ही विद्या रेल्वेच्या रुळांवर आणि कारखान्याच्या मशीनपाशी वाढली. आणि नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डी, पिंपरी, भोसरी इथल्या ज्वारी-बाजरीच्या रानांवर शेडं उभी राहिली. 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे चाकण, जिथं आपण कांदा घेऊन जायचो, तिथं मोटारींचे कारखाने आले. मोठ्या कंपनीच्या मागे शेकडो लहान शेडं असतात. पत्रा कापणारी, ठोकणारी, वाकवणारी पॉवर प्रेस तिथं रात्रंदिवस चालते. प्रेसमध्ये बोट गेलेला माणूस आपल्या प्रत्येकीच्या माहितीत आहे. कुणाचा दीर, कुणाचा भाचा, आणि आता कामावर जाणाऱ्या आपल्या मुलीही.

कामगारासाठी कायदा तरी आहे, ईएसआय आहे, नुकसानभरपाई आहे. पण लहान लेकराचं बोट कारखान्यात जात नाही. ते जातं घरात. कडबा कुट्टीत, सायकलच्या चेनमध्ये, दाराच्या बिजागरीत, उसाच्या चरकात, खोलीच्या पुढच्या पडवीत चालणाऱ्या लहानशा मशीनमध्ये. त्याची नोंद कुठल्या हजेरीबुकात होत नाही. नोंद होते ती एवढीच, की "आईचं लक्ष नव्हतं."

लेकराचं बोट: सगळ्यात अवघड, सगळ्यात आशेचं

मोठ्या माणसाचं एखादंच बोट तुटलं, तर डॉक्टर कधी कधी म्हणतात, जोडून ताठ राहण्यापेक्षा जखम बंद करून लवकर कामाला लागलेलं बरं. लेकराच्या बाबतीत मात्र ते शक्यतो जोडून बघायचाच प्रयत्न करतात. कारण लेकराचं शरीर वाढतं आहे. शिवलेली नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर या गतीनं पुढे सरकते, आणि लहानपणी स्पर्श जास्त चांगला परत येतो. हाडाच्या टोकाची वाढीची जागा वाचली असेल, तर जोडलेलं बोट पोराबरोबर वाढतंसुद्धा.

पण काम महाकठीण. दीड-दोन वर्षांच्या बाळाच्या बोटातली रक्तवाहिनी अर्धा मिलिमीटर, कधी त्याहूनही बारीक. खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान म्हणा ना. तिला शिवायचा धागा आपल्या केसाच्या निम्म्याहूनही बारीक. सूक्ष्मदर्शकातून सगळं दहा-वीस पट मोठं करून बघायचं. आधी हाड तारेनं बसवायचं, मग कंडरा म्हणजे बोट हलवणारे दोर, मग रक्त आणणाऱ्या वाहिन्या, नसा, रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या, आणि शेवटी कातडी. एका बोटाला कित्येक तास लागतात. याचा सराव डॉक्टर कशावर करतात ठाऊक आहे? पुष्कळदा कोंबडीच्या तंगडीतल्या वाहिनीवर. सुश्रुताच्या शिष्यांचा भोपळा आणि यांची तंगडी, रीत तीच.

जोडल्यावरही काळजी संपत नाही. पुष्कळदा बोटात रक्त जातं, पण बाहेर पडत नाही. बोट फुगतं, जांभळं-काळं पडतं. अशा वेळी आजही कामाला येते ती आपली जळू! भीमाशंकरच्या बाजूला भाताची लावणी करणाऱ्या बायांना तिची ओळख करून द्यायला नको. सुश्रुतानं तिच्या बारा जाती सांगितल्या, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. 1985 मध्ये बॉस्टनमध्ये जोसेफ अप्टन या डॉक्टरांनी पाच वर्षांच्या एका मुलाचा कुत्र्यानं तोडलेला कान जोडला. कान काळा पडायला लागला, तेव्हा त्यांनी जळवा मागवल्या आणि कान वाचला. मात्र हे घरी करायचं काम नव्हे. जळवा दवाखान्यात खास पाळलेल्या असतात. शिवाय दहा किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच पाऊण लिटरच्या आसपास असतं, म्हणून त्यावर सतत नजर लागते.

आणि खरं तेच सांगायला हवं. प्रत्येक बोट लागत नाही. पात्यानं सरळ कापलेलं जास्त वेळा जगतं, चेंगरलेलं किंवा ओढून तुटलेलं कमी वेळा. नखाजवळचं एवढंसं टोक असेल, तर फार लहान बाळात ते नुसतं शिवूनही कधी कधी धरतं, आणि नुसत्या पट्ट्यांनीही जखम छान भरते. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. आपलं काम बोट नीट अवस्थेत आणि वेळेत पोचवणं.

आपल्या हातात काय आहे

हे लिहून घ्या, गटाच्या वहीत चिकटवा.

लेकराच्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर उचलून ठेवा. हळद, चुना, राख, चहापूड, काही भरू नका. दोरी किंवा रबर आवळून बांधू नका. बोट थोड्याशा कातडीला लोंबत असेल, तर ते ओढून काढू नका. ती कातडी म्हणजे कावसजीच्या भुवयांमधली पट्टी आहे. तिच्यातून रक्त चालू असू शकतं.

तुटलेलं बोट शोधा. तुकडे असतील तर सगळे घ्या. स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, घासू नका. स्वच्छ कापड पाण्यात भिजवून पिळा, त्यात बोट गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात बर्फ आणि पाणी घालून त्यात ठेवा. बोटाला बर्फ लागता कामा नये, आणि बोट पाण्यात, दुधात, डेटॉलमध्ये, रॉकेलमध्ये बुडवायचंही नाही. बोटात मांस कमी असतं, म्हणून असं गार ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनंतरही जोडता येऊ शकतं. पण हात किंवा पाय असेल तर सहा तासांच्या आतच, आणि बोट असलं तरी लवकर ते बरं.

लेकराला काही खायला-प्यायला देऊ नका, दूधसुद्धा पाजू नका. भूल द्यायची असते. शेवटचं कधी खाल्लं-प्यालं ते लक्षात ठेवा.

108 नंबर फिरवा. वाटेतच फोन करून विचारा, "प्लास्टिक सर्जन आहेत का? बोट जोडायची मायक्रोसर्जरी होते का?" नसेल तर कुठं होते ते विचारून थेट तिकडेच निघा. आम्ही तीन दवाखाने फिरलो, त्यात वेळ गेला. जखमी माणसाला आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1989 चा निकाल आहे. पैशाची चिंता असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा.

बोट जोडल्यावर घरात विडी-सिगारेट अजिबात नको. त्या धुरानं बारीक वाहिन्या आकसतात. केलेली मेहनत एका विडीनं जाऊ शकते. आजोबांना प्रेमानं, पण ठणकावून सांगा.

आणि सगळ्यात आधीचं काम. 1983 मध्ये आपल्या देशात धोकादायक यंत्रांसाठी कायदा झाला, कारण मळणी यंत्रांत शेतकऱ्यांचे हात जात होते. कायदा चाळीस वर्षांचा झाला, पण कुट्टीच्या तोंडावरची जाळी आपणच "चारा अडकतो" म्हणून काढून ठेवतो. ती परत लावा. काम झालं की बटण बंद, वायर काढलेली. हाताची कुट्टी असेल तर चाकाला साखळी. आणि कुट्टी चालू असताना लहान पोर दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर. हे "दुसरं कुणीतरी" म्हणजे फक्त सासू किंवा नणंद नव्हे. घरातल्या पुरुषांनाही कडा आहेत.

माझ्या वहिनीला त्या दिवसापासून लोक एकच वाक्य ऐकवत आले, "तुझं लक्ष कुठं होतं?" धारा, चारा, चूल, पोर, म्हातारी सासू, सगळीकडे तिचंच लक्ष असायला हवं होतं. कुट्टीच्या तोंडाला जाळी का नव्हती, हे मात्र कुणी विचारलं नाही. पोरगी आता नववीत आहे. उजव्या हाताच्या तीन बोटांनीच लिहिते, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. लेकरं जुळवून घेतात. आईलाच जुळवून घेता येत नाही.

आमच्या गटानं आता एक डबा ठेवला आहे. त्यात धुतलेलं सुती कापड, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि दवाखान्यांचे फोन नंबर लिहिलेला कागद. डबा अंगणवाडीत असतो, कारण ती सगळ्यांना माहीत. अजून कुणाला लागला नाही. कधी लागू नये. पण तुम्हीही एक ठेवा. रामराम.